एकवीस तारखेचा मंगळ

बाजाराच्या इमारतीची गच्ची चौथ्या मजल्यावर. एरवी तिकडे कुणी फिरकत नसे. टाकीत पाणी किती उरलंय ते बघायला रखवालदार जाई, तेवढंच. पण गेले चार शनिवार दिवेलागण झाली की जिन्याच्या तोंडाशी चपलांचा ढीग पडत होता, आणि तो ढीग राखता राखता रखवालदार मेटाकुटीला आला होता. आकाशगुरूंची आज्ञाच होती: गच्चीवर अनवाणी यायचं.

आकाशगुरू तांब्याच्या पत्र्यावर उभे होते. पांढरेशुभ्र कपडे, आणि गळ्यात लॉकेटसारखं अडकवलेलं दुर्बिणीचं झाकण. शेजारी तिकाटण्यावर दुर्बीण, मागे निळ्या कापडाने मढवलेला फळा. फळ्यावर चार लाल टाचण्या होत्या, प्रत्येक टाचणी आधीच्या टाचणीच्या एक बोट मागे. ही मंगळाची चाल.

"मंगळ उलटा चाललाय," गुरूंनी खालच्या आवाजात सांगितलं, जणू शेजारच्या घरातली भानगड सांगावी. "म्हणून तुमची कामं अडतात, दुखणी रेंगाळतात, सोयरिकी मोडतात. घाबरू नका. मी त्याला धरलाय. भूकेंद्री शक्ती म्हणतात ती हीच. पृथ्वीच्या पोटातून निघते, माझ्या टाचेतून शिरते, मणक्यातून वर चढते आणि थेट मंगळाला जाऊन भिडते. येत्या एकवीस तारखेला मी त्याला थांबवणार आणि सरळ वाटेला लावणार."

"चार मजले चढून येते म्हणजे दमत असेल बिचारी," मागून फळवाला पुटपुटला. दोघीतिघींनी त्याला गप्प केलं. मग माणसं रांगेने दुर्बिणीला डोळा लावू लागली, एक लाल ठिपका बघून हात जोडू लागली आणि पैसे मोजून मनगटाला तांब्याची तार बांधून घेऊ लागली. ठिपका उलटा चाललाय की सुलटा, ते दुर्बिणीतून एका मिनिटात कुणालाच कळणं शक्य नव्हतं. कळलं मात्र सगळ्यांना.

त्या रांगेत भिंग उभी होती. भिंग हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. ती छापखान्यात प्रुफं तपासायची, आणि तिच्या नजरेतून उलटा स्वल्पविरामसुद्धा सुटत नाही म्हणून तिथल्या लोकांनी हे नाव ठेवलं होतं. विज्ञानाची पदवी घेऊन दोन वर्षं झाली होती. छापखाना तिला आवडत होता, कारण तिथे चूक म्हणजे चूक असायची, मतभेद नसायचा. तिच्या पुढे तिचा दादा आणि वहिनी होते, आणि वहिनीच्या कुशीत दुपट्यात गुंडाळलेली एक महिन्याची छोटी. भिंग इथे आली होती ती या छोटीसाठी. आत्याने लक्ष नाही ठेवायचं तर कुणी ठेवायचं?

छोटीचं डावं पाऊल जन्मतःच आत वळलेलं होतं, तळवा दुसऱ्या पायाकडे बघणारा. हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी पाऊल हातात घेऊन हसत सांगितलं होतं की हा काही मोठा आजार नाही. दर आठवड्याला थोडं वळवून प्लास्टर घालायचं, पाच-सहा प्लास्टरांत पाऊल वळणावर येतं, पुढे काही वर्षं झोपताना खास बूट घालायचे. फक्त आत्ता सुरू करा, असं मात्र त्यांनी न हसता सांगितलं होतं. या वयात सगळं ओल्या मातीसारखं मऊ असतं, आणि ओली माती कुणाची वाट बघत नाही. सोमवारची वेळही दिली होती.

रांग पुढे सरकली. गुरूंनी दुपटं बाजूला केलं, पाऊल पाहिलं, मग मंगळाकडे पाहिलं.

"ग्रह वाकडा तर पाऊल वाकडं," ते म्हणाले. "ग्रह सरळ झाला की हे आपोआप सरळ. तोवर लोखंड, चुना, प्लास्टर, काही लावू नका. शक्ती अडते."

दादाने मान डोलावली. वहिनीचे डोळे भरून आले; इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणी 'आपोआप' हा शब्द उच्चारला होता.

घरी येईपर्यंत ती भांडली, जेवतानाही भांडली. दादा काही ऐकेना. सोळा दिवसांचा तर प्रश्न आहे, त्यात काय आभाळ कोसळतंय, असं त्याचं म्हणणं. इवल्याशा पायाला प्लास्टर बघवणार आहे का तुला, असंही त्याने विचारलं, आणि बघवणार नव्हतं हे भिंगलाही ठाऊक होतं. सोमवारची वेळ चुकली. पाठोपाठ पुढच्या सोमवारचीही चुकणार हे दिसत होतं.

पण एक शब्द भिंगच्या डोक्यात खड्यासारखा बोचत होता. भूकेंद्री. हा शब्द बाजारात कुणी बोलत नाही. तो तिने आधी वाचला होता, वाचला कसला, चोवीस वेळा तपासला होता.

सोमवारी छापखाना उघडताच तिने फडताळातून 'आकाशसारणी' काढली. बंदरातल्या लोकांसाठी आणि हौशी तारेबघ्यांसाठी छापखाना दर सहा महिन्यांनी हे पुस्तक काढत असे. पानोपान नुसते आकडे, आणि प्रत्येक पानावर दोन रकाने: एकाच्या डोक्यावर 'सूर्यकेंद्री', दुसऱ्याच्या डोक्यावर 'भूकेंद्री'. सूर्यावर बसून पाहिलं तर ग्रह कुठे दिसेल ते पहिल्यात. पृथ्वीवरून पाहिलं तर कुठे दिसेल ते दुसऱ्यात. काटेकोर बोलायचं तर पृथ्वीच्या मध्यातून, पण मंगळ इतका लांब की मध्यातून पाहा नाहीतर बाजाराच्या गच्चीवरून, फरक शोधायला भिंगसुद्धा पुरायचं नाही. म्हणजे हा शब्द शक्तीबिक्ती काही नव्हता. बघणारा कुठे बसलाय, त्याचा पत्ता होता.

तिने मंगळाचं पान काढलं. सूर्यकेंद्री रकान्यात आकडे रोज शहाण्यासारखे वाढत होते. मंगळ कुठे थांबलाच नव्हता, मागे वळायची तर बातच नको. भूकेंद्री रकान्यात मात्र दोन महिने आकडे उतरत होते आणि बारा तारखेपासून पुन्हा चढत होते. बारा. मग पुस्तकाच्या शेवटी, 'ग्रह कधी वळताना दिसतात' या यादीत तिने पाहिलं. तिथे छापलं होतं: मंगळ, एकवीस.

भिंग स्टुलावर बसली आणि स्वतःशीच हसायला लागली.

आकड्यांचे तक्ते त्या छापखान्यात अजून हाताने, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून होत. खिळ्यावरची अक्षरं उलटी असतात, ओळ आरशातल्यासारखी वाचावी लागते, आणि जुळारी मजकूर वाचत नाही, खिळे वाचतो. त्यामुळे बाराचे एकवीस होणं ही या धंद्यातली जुनी खोड. ती यादी जुळवली होती तिथेच जुळारी असलेल्या दादाने. ते प्रूफ पास केलं होतं खुद्द भिंगने. चूक नंतर ध्यानात आली तेव्हा 'एकवीसऐवजी बारा वाचावे' अशी चिठ्ठी छापून प्रत्येक प्रतीत चिकटवायची ठरलं; पण बांधणी खात्यात चिठ्ठ्या चिकटवणारी वहिनी, आणि तिला नेमका आठवा महिना. ती रजेवर गेली, बंदर कचेरीच्या प्रतींना चिठ्ठ्या लागल्या आणि बाजारातल्या प्रती तशाच गेल्या. एकूण काय, सहकुटुंब सहपरिवार केलेली चूक. आणि आकाशगुरू मंगळ वळवणार होते नेमका त्या चुकीच्या तारखेला.

तिने चिठ्ठी आणि पुस्तक दादापुढे ठेवलं. दादाने खिळ्यांच्या पेटीवरून मान वर केली, शांतपणे दोन्ही वाचलं आणि म्हणाला, "भिंगे, एकदा चुकलीस ना? मग चिठ्ठी चुकली नसेल कशावरून? कदाचित यादीच बरोबर असेल."

तिला राग आला, मग राग ओसरला. शंका रास्त होती. पुस्तकावर विश्वास ठेव असं सांगणं आणि गुरूवर विश्वास ठेव असं सांगणं, दादाच्या जागी उभं राहिलं तर यात फरक काय?

"बरं," ती म्हणाली, "मग दोघांनाही नको विचारायला. मंगळालाच विचारू."

मंगळाच्या पश्चिमेला दोन फिकट ताऱ्यांची एक जोडी होती. मंगळ उलटा चालत होता तो त्या जोडीच्याच दिशेने. शनिवारी, पाच तारखेला, गच्चीवर रांगेत उभं राहून कंटाळा आला म्हणून तिने एका प्रुफाच्या मागे तिन्ही ठिपके काढले होते: मंगळ जवळच्या ताऱ्यापासून जेवढा लांब, तेवढंच त्या दोन ताऱ्यांतलं अंतर. आता तिने दादाशी करार केला. एकोणीस तारखेच्या शनिवारी मंगळ बारा तारखेपेक्षा जोडीच्या आणखी जवळ दिसला, तर चिठ्ठी खोटी. मग ती एकवीसपर्यंत एक चकार शब्द काढणार नाही. पण मंगळ जोडीपासून दूर सरकलेला दिसला, तर गुरू खोटे, आणि सोमवारी छोटी दवाखान्यात. दादाने विचार केला, शाईचा हात पुसला आणि पुढे केला.

बारा तारखेच्या शनिवारी भिंग गच्चीवर गेली ती फळ्याएवढा कागद घेऊन. फळवाला, शिंपी, घड्याळजी, ज्याला त्याला तिने नुसत्या डोळ्यांनी बघायला लावलं. अंतर आता निम्मं उरलं होतं, सगळ्यांचं एकमत झालं. तसं कागदावर काढून प्रत्येकाची सही घेतली. मग ती अत्यंत भाविक चेहरा करून गुरूंकडे गेली आणि विचारलं की पुढच्या शनिवारी मंगळ कुठे असेल.

गुरूंनी पाचवी टाचणी एक बोट मागे टोचली. मुलीची भक्ती बघून त्यांना भरतं आलं. "त्या ताऱ्याला चिकटलेला असेल," ते म्हणाले. "एकवीसला मीच सोडवीन."

"हे इथे लिहून सही द्याल? घरी फ्रेम करून लावीन."

गुरूंनी लिहून सही दिली, खाली एक नक्षीदार रेघही ओढली.

त्यानंतरचे सात दिवस भिंगला धड झोप लागली नाही. गणितावर तिचा विश्वास होता, पण छोटीच्या पायाची पैज लावून कुणी गणित करत नाही. त्यातून तीन दिवस आभाळ भरलेलं राहिलं. वहिनी रोज आंघोळीच्या वेळी ते पाऊल हातात धरून हळूच सरळ करून बघायची, आणि सोडलं की ते पुन्हा वळायचं.

एकोणीसला आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती. गुरूंनी डोळे मिटले, टाचा पत्र्यावर घासल्या, मंगळ फार जोर करतोय असं सांगितलं आणि सहावी टाचणी एक बोट मागे टोचली.

भिंगने कागद उलगडून भिंतीला लावला आणि लोकांना म्हणाली की एकदा वर बघा. तेवढंच. माना वर झाल्या. फळवाल्याने एक डोळा मिटून हाताच्या बोटांनी अंतर मोजलं, मग दुसरा डोळा मिटून मोजलं.

"चिकटला कुठे?" तो म्हणाला. "हा तर लांब पळाला. निम्मं होतं, आता पुरं झालंय. आणि सही माझीच आहे."

गच्चीवर कुजबुज पसरली. घड्याळजीने चष्मा पुसून दुजोरा दिला. आता गुरूंची पंचाईत होईल असं भिंगला वाटलं. पण मुरलेला माणूस तो. त्यांनी क्षणभर वर पाहिलं आणि चेहऱ्यावर असं काही हसू आणलं की काय सांगावं.

"ओळखलंत तर," ते म्हणाले. "सांगणार नव्हतो. त्या लेकराचं पाऊल पाहिलं आणि मला राहवेना. नऊ दिवस आधीच वळवला मी त्याला. गुपचूप."

टाळ्या पडल्या. दोघीजणी रडल्या. सगळा हिशेब भिंगने केला होता, निर्लज्जपणाचा मात्र धरला नव्हता. वळवलाच होता तर आत्ता टाचणी मागे का टोचलीत, असं ती विचारत होती, पण टाळ्यांत तिचा आवाज कुठल्या कुठे गेला.

मग वहिनी पुढे आली. ती कधी चारचौघांत बोलायची नाही, म्हणून गच्ची आपोआप शांत झाली. तिने छोटीच्या पायावरचं दुपटं काढलं आणि ते पाऊल कंदिलाच्या उजेडात धरलं. ते होतं तसंच होतं.

"मंगळ सात दिवस सरळ चालतोय म्हणता," ती म्हणाली. "मग हिचं पाऊल?"

शक्तीला वेळ लागतो, असं काहीतरी गुरू म्हणू लागले, पण तेवढ्यात दादा पुढे झाला. त्याच्या हातात 'आकाशसारणी' होती. छापखान्याची चूक बाहेर बोलायची नाही अशी मालकांची सक्त ताकीद होती आणि ते दादाला चांगलं ठाऊक होतं.

"हा एकवीस माझ्या हातचा आहे," तो म्हणाला. "पाहिजे तर खिळे आणून दाखवतो. खरी तारीख बारा. मी उलटी जुळवली, हिने तपासताना सोडली, आणि यांनी वाचून तुम्हाला विकली. यांच्या शक्तीने ठरवलेली तारीख असती, तर तीत माझी चूक कशी आली असती?"

मग फळवाला हसला, शिंपी हसला, आणि हसू जिन्यापर्यंत गेलं. चेष्टेचा विषय झालेला चमत्कार फार वेळ उभा राहत नाही. पण घड्याळजीने गंभीरपणे विचारलं, आणि त्याचा प्रश्न खरा होता: गुरू खोटे, कबूल, पण मंगळ दोन महिने मागे जात होता तो तर खरा ना? त्याला कोण ओढत होतं?

यासाठी भिंगला शब्द नको होते, जागा हवी होती. तिने लोकांना चारी बाजूंनी कठड्याला टेकून उभं केलं. हे लांबचे तारे. मधोमध खोक्यावर रखवालदाराचा कंदील, हा सूर्य. छोटीला दादाच्या खांद्यावर दिलं, हा मंगळ. दादाने मोठ्या रिंगणात रमत गमत चालायचं. वहिनी म्हणजे पृथ्वी. तिने आतल्या लहान रिंगणात जरा झपाट्याने चालायचं, कारण पृथ्वीच्या जवळजवळ दोन फेऱ्या होतात तोवर मंगळाची कशीबशी एक होते. दोघांची दिशा एकच, थांबायचं कुणीच नाही, आणि दादाच्या पाठीमागे कोण दिसतंय ते वहिनीने मोठ्याने सांगायचं.

"मागे फळवाले," वहिनी चालता चालता सांगू लागली. "आता शिंपीदादा. आता घड्याळजी." ती दादाच्या जवळ येत चालली, मग त्याला मागे टाकून पुढे निघाली. "घड्याळजीच. अजून घड्याळजी. अगंबाई, परत शिंपीदादा. परत फळवाले." ती पुढे गेली. "आता पुन्हा शिंपीदादा."

"मी एक पाऊलही मागे घेतलं नाही हं," दादा ओरडला. रखवालदाराने साक्ष दिली की नाही घेतलं.

वहिनी उभी राहिली. तिने आधी दादाकडे पाहिलं, मग वर मंगळाकडे. "म्हणजे मागे कुणीच जात नव्हतं," ती सावकाश म्हणाली. "मीच पुढे निघून गेले."

"हेच ते भूकेंद्री, वहिनी. तुझ्या रिंगणातून बघितलं तर. शब्द काही खोटा नाही. सूर्य उगवला असं आपण म्हणतोच, आणि भरतीची वेळ काढायची झाली तरी चंद्र पृथ्वीवरून कुठे दिसतो तेच बघावं लागतं. पण बघणारा आपण आणि फिरतोही आपणच, हे विसरलं की मग आपल्या फिरण्याचे पैसे दुसराच घेतो."

मग सगळ्यांनाच पृथ्वी व्हायचं होतं. फळवाला दोनदा पृथ्वी झाला, शिंपी मंगळ झाला, घड्याळजी वेळ मोजत राहिला. या गडबडीत आकाशगुरू जिन्याने कधी उतरले ते कुणाला दिसलं नाही. तांब्याचा पत्रा मात्र राहिला. तो रखवालदाराने टाकीवर झाकण म्हणून घातला. एकवीस तारखेला मंगळ काही नव्याने मार्गी लागला नाही, गुरू तेवढे लागले होते.

त्या एकवीस तारखेला, सोमवारी सकाळी, छोटीच्या पायाला पहिलं प्लास्टर चढलं. ती सुरुवातीला रडली, मग बाटलीला लागली आणि प्लास्टर ओलं असतानाच झोपून गेली. दोन आठवडे गेले त्याबद्दल डॉक्टरीणबाईंनी कुणाला बोल लावला नाही. एखादं प्लास्टर जास्त लागेल, एवढंच म्हणाल्या. दादाने मान खाली घातली. ते एक जास्तीचं प्लास्टर कुणाच्या खात्यावर आहे, ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

छापखान्याचे मालक दोन दिवस धुसफुसले, मग बाजारातल्या उरलेल्या प्रती हातोहात संपल्या तसे निवळले. पुढच्या सहामाहीची सारणी छपाईला लागली तेव्हा मंगळाच्या पानाखाली दादाने बारीक खिळ्यांत दोन ओळी आपल्या मनाने जुळवल्या. भिंगने प्रूफ तीनदा वाचलं, तारखा पाच वेळा तपासल्या आणि त्या ओळींना हात लावला नाही. तिथे लिहिलं होतं:

'भूकेंद्री म्हणजे पृथ्वीवरून पाहिलं तर. ग्रह वळताना दिसला तर घाबरू नये, तो आपल्या वाटेने चाललेला असतो. लेकराचं पाऊल वळलेलं दिसलं, तर मात्र ग्रहाकडे बघत बसू नये, त्याच दिवशी दवाखान्यात जावं. आणि या पुस्तकावरही नुसता विश्वास ठेवू नये. गच्चीवर जाऊन स्वतः बघावं. आमच्याकडून चुका होतात.'